जिथं जहाज नाही, तिथं मारायचं

वाचकांचे प्रश्न, उद्यमबागेतून (बेळगावची कारखान्यांची वसाहत) उत्तरं

मागच्या अंकात लेथच्या बॅकलॅशबद्दल (स्क्रू किंवा दात्यांच्या चाकांमधला मोकळा खेळ) लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो. जुन्या युद्धनौकांच्या पोटात पितळी चाकांची गणितयंत्रं असायची आणि तिथंही माणसं बॅकलॅशनंच हैराण व्हायची, असं काहीतरी. बॅकलॅशबद्दल एकानंही विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. म्हणून या खेपेला लेथ बाजूला.

काका, मी खानापूरची. डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शंभर वर्षांपूर्वी रडार नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता. मग पंधरा किलोमीटरवरच्या पळत्या जहाजाला तोफेचा गोळा लागायचा कसा? आणि यातलं एखादं यंत्र कॉलेजच्या प्रदर्शनासाठी करता येईल का?

पोरी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. पहिल्याचं उत्तर असं की बहुतेक वेळा लागायचाच नाही. 31 मे 1916 ला उत्तर समुद्रात जटलंडची लढाई झाली. ब्रिटिशांनी मोठ्या तोफांचे साडेचार हजारांच्या आसपास गोळे उडवले, जर्मनांनी साडेतीन हजारांच्या वर. दोन्हीकडचे मिळून लागले ते अडीचशेच्या आत. म्हणजे शंभरात तीन. आमच्या शॉपमध्ये शंभरात तीन जॉब पास झाले असते तर मी केव्हाच शटर ओढून कुंदा विकायला बसलो असतो.

तरी ते तीन लागले हेच नवल आहे. बघ, पंधरा इंची तोफेचा गोळा सुमारे 870 किलोचा. नळीतून सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगानं सुटतो. एवढ्या वेगानंही पंधरा किलोमीटर जायला त्याला अंदाजे अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या वेळात पंचवीस नॉटनं (ताशी सुमारे 46 किलोमीटर) पळणारं जहाज जवळपास चारशे मीटर पुढं गेलेलं असतं, म्हणजे आपल्या लांबीच्या दुप्पट. आत्ता जिथं जहाज दिसतंय तिथं मारलं तर गोळा पाण्यातच. जिथं ते अजून पोचलेलं नाही तिथं मारायचं.

तुमच्या खानापूरवरून लोंढ्याला मीटरगेजची गाडी जायची तेव्हाची गोष्ट. आम्ही पोरं दारात उभं राहून रुळाकडेच्या जांभळीला खडे मारायचो. (मारू नयेत. आम्ही मारले.) झाड अगदी समोर आलं की मारायचं आणि खडा नेमका झाडाच्या पुढं जायचा, कारण गाडीचा वेग खड्यालाही मिळालेला असतो. चार-पाच फेऱ्यांनंतर हाताला कळायला लागलं की झाड समोर यायच्या आधीच खडा सोडायचा. आता त्या जांभळीलाही रूळ लाव. तीही पळू दे, तिरकी. गाडी डावी-उजवी डुलू दे, झाड पंधरा किलोमीटर लांब असू दे आणि खडा पोचायला अर्धं मिनिट लागू दे. हाताला कळण्याची सोय संपली. इथून पुढं यंत्र लागतं.

लोकांना वाटतं अडचण अंतर मोजण्याची होती. ती होतीच, पण खरी पाचर दुसरीकडं होती. मोजलेलं अंतर मोजून होईपर्यंत शिळं होतं. दोन जहाजं समोरासमोर पंचवीस-पंचवीस नॉटनं येत असतील तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला पंधराशे मीटरनं घटतं. गोळा हवेत असताना साडेसातशे मीटर गेले. तीच जहाजं शेजारी शेजारी एकाच दिशेनं सारख्या वेगानं निघाली तर अंतर तसूभर बदलत नाही. म्हणजे हवा तो अंतर बदलण्याचा वेग. त्याला ते रेट म्हणायचे.

रेट काढायला ब्रिटिश नौदलातल्या जॉन सॉमरेझ ड्युमेरिक या अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एक साधन केलं. त्याचंच नाव त्याला पडलं, ड्युमेरिक. फार देखणं आणि फार साधं. एक गोल तबकडी, वर आपल्या जहाजाचा वेग दाखवणारी पट्टी, तिच्यावरून लटकलेली दुसरी पट्टी शत्रूच्या जहाजाची. शत्रूचा वेग आणि रोख अंदाजानं लावायचा, तबकडी त्याच्या दिशेला फिरवायची. पट्टीचं टोक तबकडीवरच्या आखलेल्या जाळीवर जिथं येईल तिथं एका रेघेवर रेट वाचायचा आणि दुसऱ्या रेघेवर नेम किती बाजूला धरायचा ते. तुम्हाला व्हेक्टरची बेरीज शिकवतात ना, ती इथं दोन पट्ट्या करतात. कागद नाही, पेन्सिल नाही.

हा रेट मग घड्याळाला सांगायचा. व्हिकर्स कंपनीनं असं घड्याळ केलं होतं, ज्याच्या तबकडीवर तास-मिनिटांऐवजी अंतराचे आकडे. काटा किती जोरात पळेल आणि पुढं की मागं, हे रेटवर ठरायचं. अंतर मोजणाऱ्यानं आकडा दिला की काटा तिथं ठेवायचा, पुढचा आकडा येईपर्यंत घड्याळ स्वतःच अंतर कमीजास्त करत राहायचं. समोर धूर आला, जहाज दिसेना, तरी काटा चालूच.

काटा कमीजास्त वेगानं कसा पळवायचा? इथं आमच्या धंद्यातली वस्तू येते. एक सपाट चकती एकाच वेगानं फिरत राहते. तिच्या तोंडावर एक छोटं चाक टेकवलेलं. गुऱ्हाळावर चरकाचा बैल बघितला असशील, निदान आजोबांकडून ऐकलं असशील. बैल लांब दांडीला जुंपला तर एका फेरीत जास्त चालतो, खुंटाजवळ जुंपला तर कमी. चाक चकतीच्या मधोमध असेल तर चकती फिरते पण चाक जागच्या जागी. कडेला सरकवलं की भराभर फिरतं. मधला बिंदू ओलांडून पलीकडं नेलं की उलटं फिरतं. चाक मध्यापासून किती सरकवलंय तो रेट आणि चाकाचे एकूण फेरे म्हणजे बदललेलं अंतर. कॉलेजात इंटिग्रेशन म्हणून जे फळ्यावर शिकवतात ते हेच. आम्हाला कुणी चकती दाखवून शिकवलं असतं तर मी अकरावीला गणित सोडलं नसतं.

यात एक मेख आहे, ती पुस्तकापेक्षा शॉपमध्ये लवकर कळते. चाक चकतीवर नुसतं टेकलेलं असतं, दाते नसतात. फार दाबलं तर सरकवताना घासतं आणि चकतीवर वळ पडतात. कमी दाबलं तर घसरतं. चाकाच्या जोरावर पुढं काही जड ओढायला लावलं तर हमखास घसरतं, आणि घसरलेलं कुणाला दिसत नाही, आकडा मुकाट्यानं चुकतो. ऐंशीच्या दशकात मी तार गुंडाळायच्या एका मशीनला वेग बदलायला हीच चकती लावली होती. दोन दिवस झकास चालली. तिसऱ्या दिवशी वरच्या बेअरिंगमधून ग्रीसचा एक थेंब पडला आणि संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस रिळं वाया. तेव्हापासून त्या चाकाबद्दल मला जरा जास्तच आदर आहे.

सर, मी निपाणीचा निवृत्त शिक्षक. समुद्रावर एका जागी उभं राहून, एका नळीतून बघून दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर कसं मोजता येईल? त्रिकोणमितीला पाया लागतो. जहाजावर पाया कुठला?

मास्तर, पाया ती नळीच. नळी आडवी असते. दोन टोकांना दोन काचा, मध्ये बघणाऱ्याचा डोळा. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीची नऊ फुटी नळी त्या काळात ब्रिटिश युद्धनौकांवर सर्रास असायची. नऊ फूट म्हणजे तीन वार, शहापूरच्या नऊवारीचा तिसरा हिस्सा. एवढ्याशा पायावर पंधरा हजार वारांचा, म्हणजे पावणेचौदा किलोमीटरचा, त्रिकोण उभा करायचा. तुम्ही गणिताचे दिसता म्हणून आकडा देतो: शिखराचा कोन साधारण 41 सेकंद. अंशाचा साठावा भाग मिनिट, त्याचा साठावा भाग सेकंद, तसले 41. बेळगावच्या किल्ल्यावरून येळ्ळूरचा राजहंसगड बघितला तर अंतर याहून थोडं कमी भरेल. गडावर कुणीतरी तीन वार कापड ताणून धरलंय आणि ते तुम्ही इकडून बघताय, असं धरा.

आता शंभर वारांची चूक नको असेल तर तो कोन पाव सेकंदाच्या आसपास अचूक हवा. एक किलोमीटरवर सव्वा मिलिमीटर! हलत्या जहाजावर, इंजिनाच्या थरथरीत, तोंडावर पाणी उडत असताना. उन्हानं नळीची एक बाजू तापली तरी ती वाकते आणि आकडा बदलतो.

बघायची पद्धत मात्र साधी. नळीत चित्र आडवं कापलेलं दिसतं, वरचा अर्धा भाग एका काचेतून आलेला, खालचा दुसऱ्या. शत्रूची डोलकाठी मोडल्यासारखी दिसते. चकरी फिरवून वरची काठी खालच्या काठीवर नेमकी बसवायची आणि आकडा वाचायचा. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळवतो तसं. जर्मनांची पद्धत वेगळी होती. झाइस कंपनीच्या यंत्रात दोन्ही डोळ्यांनी बघायचं. चित्रात एक खूण अधांतरी तरंगताना दिसते, ती जहाजाच्या बरोबर अंतरावर आली असं वाटेपर्यंत सरकवायची. धुरात, अर्धवट दिसणाऱ्या जहाजावर हे फार चांगलं चालायचं, कारण जुळवायला सरळ काठीची गरज नाही. पण त्याला दोन्ही डोळे अव्वल लागतात आणि माणूस लवकर थकतो.

तुमच्या पेशाला आवडेल अशी एक गोष्ट. बार आणि स्ट्राउड दोघेही लीड्सच्या कॉलेजात प्राध्यापक होते, एक इंजिनिअरिंगचा, दुसरा पदार्थविज्ञानाचा. 1888 मध्ये ब्रिटिश सैन्यानं पायदळासाठी अंतर मोजायचं यंत्र हवं म्हणून जाहिरात दिली. या दोघांनी नमुना केला, तो सैन्यानं नापास केला आणि चार वर्षांनी नौदलानं घेतला. 1905 च्या त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमार बुडालं तेव्हा जपानी जहाजांवर याच कंपनीची यंत्रं होती. दोन मास्तरांचा कारखाना.

साहेब, मी मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त सुभेदार. आम्ही रायफलवाले. नेम हा जवानाचा असतो, यंत्राचा नव्हे, असं माझं मत. जटलंडला ब्रिटिशांचं एवढं नुकसान झालं ते यंत्रामुळं की माणसांमुळं?

सुभेदार साहेब, तुमचं मत 1900 साली शंभर टक्के बरोबर होतं. पर्सी स्कॉट नावाचा ब्रिटिश नौदलाचा कप्तान होता, तुमच्यासारखाच. त्या काळी गोलंदाज जहाज डोलताना नेम बरोबर येईल त्या क्षणाची वाट बघायचे आणि तोफ उडवायचे. स्कॉटनं बघितलं की त्याच्या जहाजावरचा एक गोलंदाज वाट बघत नाही, हाताचं चाक सतत फिरवत दुर्बीण निशाण्यावर धरून ठेवतो. त्यानं सगळ्यांना तेच शिकवलं. डोलणारं निशाण करून त्यावर सराव घेतला. 1899 मध्ये त्याच्या ‘सिला’ जहाजानं नेमबाजीत शंभरात ऐंशी गोळे लावले, तेव्हा बाकीच्या आरमारात खळबळ उडाली. हा विजय निव्वळ माणसाचा.

पण ते अंतर होतं जेमतेम दीड किलोमीटर. पुढच्या दहा-बारा वर्षांत टप्पा कित्येक पटींनी वाढला आणि तोफेजवळच्या माणसाला शत्रू दिसेनासा झाला. खाली धूर, तोंडावर खारट फवारा, बाजूच्या तोफेचा दणका. मग त्याच स्कॉटनं, ज्यानं आयुष्यभर गोलंदाजाचा डोळा तयार केला, तो डोळाच काढून घ्यायचं ठरवलं. डोलकाठीवर उंच एकच दुर्बीण, तिला म्हणायचे डायरेक्टर. नेम तिथला एक माणूस धरणार. खाली तोफेपाशी एका घड्याळात दोन काटे. एक काटा डायरेक्टरच्या हुकमानं विजेवर फिरतो, दुसरा तोफेबरोबर. खालच्या माणसानं आपला काटा त्या काट्यावर बसवायचा, बाहेर बघायचंच नाही. आणि वरून एक चाप ओढला की सगळ्या तोफा एकदम.

नौदलातल्या जुन्या लोकांना हे मुळीच पटेना. तेही तुमच्यासारखंच बोलत होते, नेम जवानाचा. शेवटी 13 नोव्हेंबर 1912 ला ‘थंडरर’ आणि ‘ओरायन’ या दोन जुळ्या बहिणींसारख्या जहाजांची परीक्षा घेतली. थंडररवर डायरेक्टर, ओरायनवर जुनी पद्धत. थंडररनं सुमारे सहापट गोळे लावले. वाद मिटला. जटलंडपर्यंत दोन सोडून सगळ्या ब्रिटिश ड्रेडनॉट जहाजांना, म्हणजे नव्या धर्तीच्या मोठ्या तोफांच्या युद्धनौकांना, डायरेक्टर बसला होता.

मग जटलंडला काय झालं? पहिल्या तासात ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या पण चिलखत कमी असलेल्या वेगवान युद्धनौका) पश्चिमेला होत्या, जर्मन पूर्वेला. दुपारचे पावणेचार. ब्रिटिश जहाजं मागच्या उजळ आभाळावर कापून काढल्यासारखी स्पष्ट, जर्मन मात्र धूसर. वारा पश्चिमेचा, त्यामुळं ब्रिटिशांचा स्वतःचाच धूर त्यांच्या नेमाच्या आड. अंतर जास्त मोजलं गेलं, पहिले गोळे जर्मनांच्या डोक्यावरून कुठल्या कुठं गेले. त्यात कुणी कुणावर मारायचं याचा घोळ झाला आणि ‘डर्फलिंगर’ या जर्मन जहाजावर जवळजवळ दहा मिनिटं कुणीच गोळा टाकला नाही. रेंजवर सरावाला एका जवानाला निशाण फुकट सोडून दिलं तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. ते दहा मिनिटं निवांत नेम धरत होते. ‘इनडिफॅटिगेबल’ गेलं, ‘क्वीन मेरी’ गेलं. एकट्या क्वीन मेरीवर 1,266 माणसं गेली. गोळे लागले म्हणून जहाजं दुखावली हे खरं, पण ती फुटली याला भरभर मारा करता यावा म्हणून दारूच्या पिशव्या बाहेर रचून ठेवायची आणि कोठाराची दारं उघडी ठेवायची सवय कारण झाली. ते यंत्राच्या माथी मारता येत नाही.

आणि आता तुमच्या बाजूचा पुरावा. या बॅटलक्रूझर स्कॉटलंडमधल्या रोसिथच्या बंदरात असायच्या, तिथं तोफांच्या सरावाला जागा अपुरी. म्हणून त्यांची एक तुकडी लढाईच्या आधी सरावासाठी उत्तरेला स्कापा फ्लो या नौदलाच्या तळावर पाठवली होती. यंत्रं बाकीच्यांपेक्षा काही वरचढ नव्हती. संध्याकाळी त्याच तुकडीतल्या ‘इन्व्हिन्सिबल’नं जर्मनांच्या ‘ल्यूत्सोव्ह’ जहाजाला काही मिनिटांत असं झोडपलं की ते रात्री त्यांनाच बुडवून टाकावं लागलं. इन्व्हिन्सिबल स्वतः त्याच काही मिनिटांत फुटलं, हजारावर माणसांतली सहा वाचली. नेम मात्र सरावाचाच होता, साहेब. एवढं मी मान्य करतो.

उद्यमबागेतलाच एक टर्नर. काका, तुम्ही पोलन आणि ड्रायर ही नावं घेत असता. शोध नक्की कुणाचा आणि पैसा कुणाला मिळाला?

हा प्रश्न येणार होताच. शॉपमध्ये सगळ्या गप्पा शेवटी इथंच येतात.

आर्थर पोलन नौदलातला नव्हे. छापखान्यात अक्षरं जुळवायच्या लायनोटाइप यंत्रांच्या कंपनीचा संचालक. 1900 मध्ये माल्टाला त्यानं नौदलाचा तोफांचा सराव बघितला. दीड हजार वारांवर मारा चालला होता. आणि त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत जहाजावरून उतरवून गाड्यांवर चढवलेल्या तसल्याच तोफा कित्येक मैलांवर मारत होत्या. जमिनीवर जमतं ते पाण्यावर का नाही, एवढाच त्याचा प्रश्न. बाहेरच्या माणसालाच पडावा असा. मग हॅरल्ड इशरवूड नावाच्या डिझायनरला घेऊन त्यानं बारा-तेरा वर्षं त्यात घातली.

वर जे घड्याळ सांगितलं त्यात एक खोट होती. रेट एकदा लावला की तोच धरून काटा पळतो. पण रेट स्वतःच बदलत असतो. पुणे-बेंगळूरु हायवेच्या कडेला उभं राहा. लांबून ट्रक येतो, आधी अंतर भराभर घटतं, ट्रक समोर आला की क्षणभर घटतही नाही वाढतही नाही, मग वाढायला लागतं. ड्रायव्हरनं ना वेग बदलला ना रस्ता. तरी रेट बदलला. पोलनचं आर्गो क्लॉक हा बदल आतल्या आतच धरायचं. दोन्ही जहाजं आपापल्या रस्त्यानं सरळ चालत राहिली तर घड्याळ आपणहून पुढचं अंतर आणि पुढची दिशा देत राहणार, बाहेरून हात लावायचा नाही.

फ्रेडरिक ड्रायर नौदलातला अधिकारी, तोफखान्याचा जाणकार. त्याचं टेबल वेगळ्या डोक्यानं केलेलं. कागदाचा पट्टा सरकत राहतो, अंतर मोजणाऱ्यांचे आकडे त्यावर ठिपक्यांनी पडतात, ठिपक्यांमधून माणूस डोळ्यानं रेघ बसवतो आणि तिच्या चढावरून रेट काढतो. दिशेचा पट्टा वेगळा. चुकीचा एखादा ठिपका डोळ्याला लगेच कळतो, हा फायदा. रेट बदलायला लागला की हँडलवरच्या माणसाची धावपळ, हा तोटा. नौदलानं ड्रायरचं टेबल घेतलं, पोलनला बाजूला सारलं. 1925 मध्ये सरकारी आयोगानं पोलनला तीस हजार पौंड दिले, कारण ड्रायरच्या टेबलात त्याच्या कल्पना उतरल्या आहेत असं ठरलं. आणि पुढच्या पिढीचं ॲडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल केलं त्यात दोघांचंही घेतलं.

विद्वान लोक अजून भांडतात. माझं मत विचारशील तर घड्याळ पोलनचं सरस. पण वाईट दृष्टीत, चार आकडे चार तऱ्हेचे येत असताना, तो ठिपक्यांचा कागद मला जवळ हवा वाटेल. आणि बाहेरच्या माणसानं ड्रॉइंग दाखवायचं, आतल्या माणसानं ‘बघतो’ म्हणायचं आणि दोन वर्षांनी तसाच जॉब दुसरीकडून निघायचा, याचा अनुभव तुलाही आहे, मलाही आहे. नावं नकोत. मला कुठल्या आयोगानं काही दिलं नाही.

बेळगाव. आपल्याकडं समुद्र नाही, बॅटलशिपही संपल्या. हे छापून पानं कशाला घालवायची?

समुद्र चोर्ला घाट उतरलं की आहे. आणि माझे थोरले मामा आयएनएस ‘मैसूर’वर होते.

मैसूर म्हणजे बॅटलशिप नव्हे, तिच्याहून लहान क्रूझर. पूर्वीचं ब्रिटिश ‘नायजेरिया’, 1957 मध्ये आपल्या नौदलात आलं, सहा इंची नऊ तोफा. बॅटलशिपांसाठी जन्मलेली सगळी यंत्रं लहान प्रमाणात तिच्यावर होती आणि मामांची ड्युटी ट्रान्समिटिंग स्टेशनला. म्हणजे जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, जिथं ते पितळी चाकांचं टेबल बसवलेलं असतं ती खोली. खिडकी नाही. भोवती हँडलवर माणसं, प्रत्येकासमोर दोन काटे, आपला काटा दुसऱ्यावर बसवत राहायचं. मामा सांगायचे, टेबल चालू झालं की जात्यासारखी एकसुरी घरघर लागते आणि कुणाचं हँडल अडखळलं तर काट्याआधी कानाला कळतं. ब्रिटिशांकडं या खोलीत बँडवाले बसवायची पद्धत होती, रॉयल मरीन्सचे वाजंत्री. हे मी पुढं वाचलं तेव्हा मामांचा तो कान आठवला.

डिसेंबर 1961 मध्ये गोव्याच्या कारवाईत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मैसूरनं तोफा डागल्या. मामा खाली हँडलवर. सुट्टीवर आले तेव्हा आम्ही पोरांनी गराडा घातला, तोफ कशी उडते सांगा म्हणून. मामा म्हणाले, “आवाज ऐकला रे, भिंत हलली. खरं तोफ उडताना मी आजवर बघितलेली नाही.”

पानं यासाठी घालवतो.

खानापूरच्या पोरीचा राहिलेला प्रश्न: यातलं काही करता येईल का?

ड्युमेरिक करायला सोपं. ॲक्रिलिकची तबकडी, दोन पट्ट्या आणि जाळी आखायला चांगला हात, बास. पण मला विचारशील तर चकती-चाक कर. परीक्षकांसमोर ते फिरतं.

चकती दीडशे मिलिमीटर व्यासाची घे, माइल्ड स्टील, जाडी बारा. तोंड ग्राइंडिंगला दे, फेसिंगवर थांबू नको, टूलच्या रेघांवर चाक उड्या मारतं. चाकाची कड धारदार नको, किंचित गोल, आणि चाक चकतीपेक्षा टणक हवं. चाक सरकवायला बारीक पिचचा स्क्रू लाव, नट दोन भागांत कापून मध्ये स्प्रिंग घाल म्हणजे मागच्या अंकातला बॅकलॅश परत भेटणार नाही. चकती फिरवायला शिलाई मशीनची मोटर घेऊ नको, तिचा वेग एकसारखा राहत नाही. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर मिळाली तर उत्तम. चाकाच्या शाफ्टवर फेरे मोजायचा काउंटर लावायचा तो अगदी हलका, नाहीतर चाक घसरेल. आणि वर कुठंही ग्रीस नको.

काम झालं की असं तपास. चाक मध्यापासून वीस मिलिमीटरवर ठेवून एक मिनिट चालव, फेरे लिही. मग चाळीसवर. दुप्पट आले पाहिजेत. मग मधोमध आणून ठेव आणि पाच मिनिटं बघ. काउंटर हलला तर तुझा मध्य मध्य नाही.

तुमच्या कॉलेजात सरफेस ग्राइंडर बंद असेल तर चकती इकडं घेऊन ये. रविवारी शॉप बंद, सोमवारी वीज नसते, मंगळवारनंतर कधीही.